पांढऱ्या कावळ्याचे डोळे पाहा

पितृपक्षात आमच्या गच्चीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला, तोही पूर्ण पांढरा, चोच अन् पाय गुलाबी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा नाही चालत बाई, पितरांचा कावळा काळाच पाह्यजे." बाकीचे कावळेही त्याला वड्याजवळ फिरकू देत नव्हते, सारखे टोचत होते. लई वाईट वाटलं.

अशा वेळी सगळ्यात आधी डोळे पाहायचे. याचे काळेभोर होते, म्हणजे हा अल्बिनो नाही. अल्बिनोच्या शरीरात मेलॅनिन हा काळा रंग बनतच नाही, डोळ्यातसुद्धा नाही, म्हणून आतलं रक्त दिसून डोळे लाल वाटतात आणि नजरही कमजोर असते. आमच्या पाहुण्याला ल्युसिझम असणार. पिल्लू अंड्यात असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात, त्या जिथे पोचल्या नाहीत तिथे पिसं पांढरी राहतात, मग कुणाचं एकच पंख पांढरं तर कुणाचं अख्खं अंग. मेलॅनिनने पिसाला मजबुतीही येते, याच्या पंखांची टोकं पार झिजून फाटलेली होती.

पांढरा वाघही अल्बिनो नाही, पट्टे काळे असतात की! 1951 मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून प्राणिसंग्रहालयांमधले पांढरे वाघ वाढवले गेले, त्यासाठी बाप-लेकीचीसुद्धा जोडी लावली. रंग एका जीनमधल्या छोट्याशा बदलाने जातो, पण त्यासोबत डोळ्यांच्या नसा मेंदूत चुकीच्या जागी जोडल्या जातात आणि बरेच वाघ तिरळे होतात. लोकांना पाहायला आवडतं म्हणून जनावराला असं जन्माला घालणं मला बिलकुल पटत नाही.

ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये उलटं झालंय, तिथे पट्टे इतके रुंद अन् एकमेकांत मिसळलेले की वाघ काळाच वाटतो. 2021 च्या अभ्यासात तिथले सुमारे 37 टक्के वाघ असे निघाले, कारण वाघ मोजकेच, बाहेरून नवीन येत नाहीत, आणि नात्यातच पिल्लं होतात.

आणि आपल्या ताडोबात 2018 च्या मे महिन्यात पर्यटकांना काळा बिबट्या दिसला होता. त्याच्यात मेलॅनिन जास्त असतं, बाकी तो साधा बिबट्याच, ऊन तिरपं पडलं की त्या काळ्या अंगावर सगळे ठिपके हळूच दिसायला लागतात.