शेवटच्या आजारात डॉक्टरांचं घरच्यांशी बोलणं

पेशंट आता बरा होणार नाही, साधारण किती वेळ उरलाय आणि पुढे काय काय होईल हे डॉक्टर घरच्यांना सांगतात, त्याला हॉस्पिटलात फॅमिली मीटिंग किंवा नुसतं काउन्सेलिंग म्हणतात. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, जिथे आयसीयू तिथे हे होतंच, पण बऱ्याचदा दारात उभ्या उभ्या उरकलं जातं आणि ते चूकच आहे, घरच्यांना निदान खुर्ची तरी मिळायला हवी.

यासाठी स्पाइक्स नावाची ६ पायऱ्यांची पद्धत जगभर शिकवतात, २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी मांडलेली. त्यातली दुसरी पायरी फार महत्त्वाची, म्हणजे आधी घरच्यांना काय माहितीये ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. ती गाळली की डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीचा आकडा) सांगत राहतात आणि काकूंना वाटत असतं ताप उतरलाय म्हणजे सोमवारी डिस्चार्ज.

"डॉक्टर, किती दिवस?" या प्रश्नामागे घरच्यांची खरी कामं असतात. दुबईच्या मुलाला आत्ता बोलवायचं का, आईला गावी न्यायचं तर चिपळूणपर्यंतचा प्रवास झेपेल का, हे ठरवायचं असतं. म्हणून नेमकी तारीख नको, पण "काही सांगता येत नाही" म्हणून हात झटकणंही नको, "तास ते दिवस", "दिवस ते आठवडे" असा अंदाज द्यावा. तोही बहुतेकदा जास्तच निघतो. शिकागोतल्या ४६८ पेशंटच्या अभ्यासात (२०००) डॉक्टरांचे २० टक्केच अंदाज जवळपास बरोबर आले, ६३ टक्क्यांत त्यांनी वेळ जास्त धरला होता, आणि जुनी ओळख असलेल्या डॉक्टरांचे अंदाज उलट जास्त चुकले.

"बाबांना काही सांगू नका हं" हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. त्यावर भांडण्यापेक्षा भीती कसली वाटते ते विचारावं, बाबांना बहुतेकदा अंदाज आलेलाच असतो आणि किती ऐकायचंय ते त्यांनाच विचारता येतं.

व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही याबाबत सुप्रीम कोर्टाचा ९ मार्च २०१८ चा निकाल आहे, बरं होण्याची आशा नसेल तर ठरलेल्या प्रक्रियेने तो काढता येतो, २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली, तरी त्यासाठी डॉक्टरांच्या दोन बोर्डांची, म्हणजे समित्यांची, संमती लागतेच. पण मशीन काढलं म्हणजे उपचार थांबले असं नाही, दुखणं, धाप, घाबरेपणा यावर औषधं चालूच राहतात, आणि हे मीटिंगमध्ये स्पष्ट बोलायलाच हवं नाहीतर घरच्यांना आयुष्यभर वाटत राहतं की आपणच सोडून दिलं.

एका मीटिंगने भागत नाही. गावाहून मोठे काका आले की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून घरातला एक माणूस ठरवून रोज एका वेळी त्याच्याशी बोलणं बरं पडतं.