जखमी मेंदूची झोप: परिचारिकांच्या एका संशोधनशाखेची पार्श्वभूमी

मेंदूला इजा झालेलं मूल अतिदक्षता विभागात असतं, तेव्हा रात्रपाळीची सिस्टर त्याला तासातासाला उठवते. नावाने हाक मारते, बोट दाबायला सांगते, पापणी वर करून बाहुलीवर टॉर्चचा झोत टाकते आणि तक्त्यावर एक आकडा लिहिते. हा आकडा ग्लासगो कोमा स्केलचा. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये ही मोजपट्टी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आज वापरात असलेल्या रूपात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त गुण मिळतात. बेरीज ३ ते १५ च्या दरम्यान येते. तिला यंत्र लागत नाही, वेळ लागत नाही, म्हणून ती जगभर पोचली. न बोलणाऱ्या तान्ह्यांसाठी पुढे तिच्यात बदल झाले आणि शब्दांच्या जागी हुंकार नि रडणं आलं.

या तपासणीने असंख्य जीव वाचवले आहेत. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल, तर पडलेलं मूल कधी कधी काही तास अगदी बरं दिसतं. हसतं, बोलतं, मग पेंगायला लागतं. ही पेंग झोपेची नसते. वाढत्या दाबाखाली मेंदू मिटत चाललेला असतो. ‘डोक्याला लागलंय, झोपू देऊ नकोस’ असं आपल्याकडे घरोघरी बजावलं जातं, त्याच्या मुळाशी हीच भीती आहे, आणि ती पोकळ नाही.

पण जखमी मेंदूला झोप लागतेच. मग त्याला किती वेळा उठवायचं, कोणत्या मुलाला उठवायचं थांबवायचं, आणि घरी गेल्यावर महिनोन् महिने त्याची झोप उडालेली असेल तर ते दुखणं म्हणून कोणी मोजायचं? हे प्रश्न पडायला रात्रभर खाटेशेजारी असावं लागतं. अमेरिकेतल्या काही परिचारिकांनी गेल्या काही दशकांत या प्रश्नांवर प्रबंध लिहिले, अनुदानं मिळवली आणि विद्यापीठांत याच प्रश्नांवर कारकीर्द घडवली. बालकांच्या मेंदूची इजा आणि झोप हा नर्सिंगच्या प्राध्यापिकेचा आयुष्यभराचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कोणाला खरी वाटली नसती. ती शक्य होण्यामागे तीन-चार वेगवेगळे प्रवाह आहेत.

पहिला नर्सिंगच्या आतलाच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला मुद्दाम किंवा चुकूनही जागं होऊ न देणं ही चांगल्या शुश्रूषेची अट आहे, असं ती तिथे ठासून सांगते. पहिल्याच झोपेतून उठवलेला रुग्ण पुन्हा झोपत नाही, काही तास झोपून उठवलेला मात्र बहुधा पुन्हा झोपी जातो, हे निरीक्षणही तिचंच. मेंदूतले विद्युत्प्रवाह कोणी नोंदवण्याच्या कितीतरी आधी, केवळ वॉर्डात जागून तिने हे टिपलं होतं. पुढे व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने शुश्रूषेचे जे चौदा मूलभूत घटक सांगितले, त्यात श्वास, अन्न, उत्सर्जन, हालचाल यांच्यापाठोपाठ पाचवा घटक झोप आणि विश्रांती हा आहे.

त्याच हेंडरसनने १९५३ पासून येल विद्यापीठात राहून नर्सिंगमधल्या संशोधनाची झडती घेतली. तिला आढळलं की बहुतेक अभ्यास परिचारिकांबद्दल होते: त्यांचं शिक्षण, त्यांची संख्या, त्यांच्या नोकऱ्या. शुश्रूषेने रुग्णाचं नेमकं काय होतं, यावर फारच थोडे. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा शोध आहे, कारण पुढची पिढी त्याच उणिवेवर कामाला लागली.

दुसरा प्रवाह मेंदूविज्ञानाचा. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमोने मेंदूज्वराच्या एका विचित्र साथीचं वर्णन केलं. काही रुग्ण सतत झोपत, काहींची झोप पूर्ण उडे, आणि अनेक मुलांची तर रात्र आणि दिवसच उलटे होत. दगावलेल्यांचे मेंदू तपासून त्याने दाखवलं की हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या अवयवाच्या मागच्या भागाला इजा झाली की माणूस झोपाळू होतो आणि पुढच्या भागाला झाली की निद्रानाश होतो. झोप म्हणजे नुसतं थकून विझणं नव्हे, तिच्यासाठी मेंदूत ठरलेल्या जागा आहेत आणि त्या जखमी होऊ शकतात, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं. नंतर १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, वेगळी ओळखली. सुरुवातीच्या नोंदी करताना ॲसेरिन्स्कीने यंत्राच्या तारा आपल्या आठेक वर्षांच्या मुलाला लावल्या होत्या.

मुलांच्या मेंदूबद्दल मात्र एक सोयीची समजूत पक्की बसली होती. १९३० च्या दशकात येलमध्येच मार्गारेट केनार्डने माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. मेंदूच्या हालचालींच्या भागाला लहानपणी इजा झालेली पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरतात, असं तिला दिसलं. तिची स्वतःची मांडणी सावध होती. नंतरच्यांनी मात्र तिच्या नावाने तत्त्वच करून टाकलं: वय जितकं कमी, तितकी भरपाई चांगली. मुलं लवचीक असतात, सावरतात, हा दिलासा डॉक्टरांनी आई-वडिलांना वर्षानुवर्षं दिला. मेलबर्नच्या व्हिकी अँडरसनसारख्या संशोधकांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा चित्र उलटं निघालं. गंभीर आणि पसरलेली इजा जितक्या लहान वयात होते, तितका तोटा बऱ्याचदा अधिक असतो, आणि तो लगेच दिसत नाही. चौथ्या वर्षी जखमी झालेलं मूल दहाव्या वर्षी मागे पडतं, कारण तेव्हा शाळा त्याच्याकडून जे नियोजन आणि जी एकाग्रता मागते, तिचा पाया त्या अपघातातच हललेला असतो. अशा मुलाची झोपही बिघडलेली असेल, तर नुकसान इजेचं किती आणि जागरणाचं किती, हे वेगळं काढणं फार अवघड होतं. पण काढायलाच हवं, कारण इजा मागे घेता येत नाही, झोप मात्र सुधारता येते.

तिसरा प्रवाह अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला, आणि त्याबद्दल अधिक लिहायला हवं. कॅथरीन बर्नार्ड वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये १९६० च्या दशकात शिकवायला आली. तिची सुरुवात विकासात अडथळे असलेल्या मुलांच्या शुश्रूषेतून झाली होती. अकाली जन्मलेली बाळं त्या काळी काचपेटीत निश्चल ठेवली जात; त्यांना हात लावू नये, हलवू नये, असा शिरस्ता होता. बर्नार्डने विचारलं, की आईच्या पोटात बाळ सतत हलत असतं, हृदयाचे ठोके ऐकत असतं. मग या निश्चल शांततेचा बाळाला फायदा कशावरून? तिने डुलणाऱ्या पेटीची योजना केली, जोडीला हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ठेवला, आणि बाळाच्या झोपेत काय फरक पडतो ते मोजलं. बाळांची शांत झोप वाढली. १९७२ चा तिचा पीएच.डी. प्रबंध याच विषयावर, अकाली जन्मलेल्या बाळांच्या झोप-जागेवर आहे. आपल्याकडे साडीच्या झोळीत बाळ जोजवणाऱ्या कोणत्याही आजीला हे पटलं असतं; बर्नार्डचं मोठेपण हे, की तिने ते तासांत आणि नोंदींत मोजून दाखवलं. पुढे आईबापांनीच बाळाच्या झोपेची नोंद ठेवावी यासाठी तिने तक्ते तयार केले आणि दूरदूरच्या परिचारिकांना उपग्रहामार्फत प्रशिक्षण दिलं. मुलाची झोप हा नर्सिंगच्या विद्वत्तेचा विषय आहे, हे तिच्या कामाने सिद्ध झालं.

यासाठी पदवी आणि पैसा दोन्ही लागतात. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९५४ मध्ये माता-बाल शुश्रूषेत पीएच.डी. सुरू केली. पैशाचा मार्ग मात्र फार उशिरा मोकळा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये नर्सिंगचं स्वतंत्र केंद्र उभारणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८५ मध्ये नाकारलं; काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो नकार मतदानाने उलटवला आणि १९८६ मध्ये केंद्र सुरू झालं. १९९३ मध्ये त्याला पूर्ण संस्थेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून परिचारिकेला स्वतःच्या प्रश्नासाठी, स्वतःच्या नावावर, सरकारी अनुदान मागणं अधिक सोपं झालं.

मोजण्याचं साधनही त्याच सुमाराला हाताशी आलं. झोपेची पूर्ण तपासणी म्हणजे डोक्याला चिकटवलेल्या तारा, आणि इथे तर डोक्यालाच टाके नि पट्ट्या. मनगटावरच्या घड्याळासारखं हालचाल नोंदवणारं यंत्र, ॲक्टिग्राफ, १९७० च्या दशकापासून विकसित होत होतं. १९९४ मध्ये झोपेचे संशोधक अवी सादेह आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नोंदींतून झोप ओळखण्याचं एक सूत्र दिलं, ते मुलांच्या अभ्यासात रुळलं. पण खाटेशेजारी काम केलेल्या बाईला त्याच्या मर्यादा लगेच कळतात. एका बाजूला अर्धांग झालेल्या मुलाच्या कोणत्या मनगटाला ते बांधायचं? सिस्टर कूस बदलून देते ती हालचाल मुलाची नव्हे. आणि गुंगीच्या औषधाखाली निपचित पडलेलं मूल यंत्राच्या लेखी झोपलेलं असतं. प्रत्यक्षात अनेक शामक औषधं गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, दोन्ही कमी करतात. असे अभ्यास आखताना तुलनेसाठी बऱ्याचदा हात-पाय मोडलेली मुलं घेतात, तीही विचारपूर्वक: अपघाताचा धक्का, वेदना, रुग्णालय हे सारं दोन्हीकडे सारखं असतं, फरक उरतो तो मेंदूच्या इजेचा.

बालकांचे स्वतंत्र अतिदक्षता विभाग स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९५५ मध्ये आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९६७ मध्ये सुरू झाले. त्यांच्यामुळे गंभीर जखमी मुलं जगू लागली आणि जगल्यानंतरचं आयुष्य हा प्रश्न झाला. हेच विभाग झोपेचे मोठे शत्रूही ठरले. रुग्णालयाच्या खोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलं. गजर, पंप आणि व्हेंटिलेटर यांच्यामध्ये हे कुठेच साधत नाही. तेव्हा परिचारिकांनी हाताशी असलेलं सुरू केलं: कामं एकत्र करायची, औषध, सुई, कूस बदलणं एकाच फेरीत उरकायचं, आणि मधल्या वेळी मुलाला हात लावायचा नाही.

सौम्य इजेकडे लक्ष गेलं ते खेळाच्या मैदानावरून. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लीस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही पुन्हा खेळायला उतरला आणि गंभीर जखमी झाला. डोक्याला मार लागलेल्या मुलाला वैद्यकीय परवानगीशिवाय पुन्हा खेळवू नये, असा त्याच्या नावाचा कायदा तिथे २००९ मध्ये आला, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत तसे कायदे झाले. मग उलट टोक गाठलं गेलं: अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पूर्ण विश्रांती. २०१५ मध्ये मिलवॉकीच्या एका प्रयोगात पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट लक्षणं अधिक नोंदवली गेली. मुलांच्या सौम्य इजेबद्दल २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शनात पालकांना झोपेच्या चांगल्या सवयींची माहिती द्यावी, असं स्पष्ट म्हटलं आहे.

आपल्याकडे नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ चं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. पीएच.डी. झालेल्या परिचारिका आता महाराष्ट्रात आहेत, पण बहुतेक जणी कॉलेजात शिकवतात आणि वॉर्डाशी त्यांचा संबंध विद्यार्थिनींपुरता उरतो. अमेरिकेतल्या या शाखेचं बळ त्याच्या नेमकं उलट आहे: प्रश्न वॉर्डातून येतो आणि उत्तर घेऊन माणूस वॉर्डात परततो. दुचाकीवर बसलेल्या चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं करणारी तरतूद आपण २०१९ च्या कायद्यात केली, त्याहून लहानांसाठी हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घालणारा नियम २०२३ पासून लागू आहे. गच्चीवरून आणि दुचाकीवरून पडलेली मुलं आपल्या सरकारी रुग्णालयांत रोज येतात, त्यांच्या खाटेखाली चटई टाकून आई रात्र काढते. तिला आपल्या मुलाची झोप तासागणिक माहीत असते. ती नोंदवणारा मराठी तक्ता आणि तो वाचणारी संशोधक परिचारिका, ही दोन्ही कामं आपल्या नर्सिंग कॉलेजांना आजच्या साधनांत जमण्यासारखी आहेत.