ओली फरशी काळी का पडते?

नव्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक उघडलं की एक गोष्ट हटकून दिसते: इमारतीसमोरचा रस्ता ओला असतो. आभाळ निरभ्र, एकाही बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल नाही, पण रस्ता मात्र नुकतीच सर पडून गेल्यासारखा. ही सिनेमावाल्यांची जुनी युक्ती. रात्रीचं चित्रीकरण असलं की टँकर बोलावून रस्ता भिजवतात, म्हणजे दिवे त्यात उतरतात आणि चित्राचा खालचा अर्धा भाग मेल्यासारखा दिसत नाही. व्ही-रे, ल्युमियन, ब्लेंडर अशा सॉफ्टवेअरांमध्ये न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणाऱ्यांनी ती उचलली, त्यात गैर काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. यातले बरेचसे रस्ते ओले दिसतच नाहीत, वर प्लास्टिकचा कागद ताणून बसवल्यासारखे दिसतात.

ओलं म्हणजे चकचकीत, हा समज त्याच्या मुळाशी आहे. सॉफ्टवेअरात 'रफनेस' नावाचा आकडा असतो, शून्य ते एक. तो खाली ओढला की पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि काम झालं असं वाटतं. पण अंगणात तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी जिरून गेलं की चमक जवळजवळ राहत नाही, तरी तेवढा भाग ओला आहे हे लांबूनही कळतं, कारण तो काळवंडलेला असतो.

आता पाणी तर पारदर्शक. मिलिमीटरभर थरातून दृश्य प्रकाश जवळपास जसाच्या तसा जातो. शुद्ध पाण्याचं शोषण डोळ्यांना जाणवायला मीटरांनी खोली लागते. मग हा प्रकाश गेला कुठे?

हे कोडं १९२५ साली स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ अँडर्स आंगस्ट्रॉम यांनी सोडवलं. (ज्यांच्या नावाचं एकक आपण पुस्तकात वाचतो ते यांचे आजोबा, नावही तेच.) वेगवेगळ्या प्रकारची जमीन सूर्यप्रकाशाचा किती भाग परत पाठवते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांचं स्पष्टीकरण शाळेतल्या पूर्ण आंतरिक परावर्तनावर उभं आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वळवतो ते सांगणारा आकडा, १.३३. त्यामुळे पाण्यातून हवेत येणाऱ्या किरणासाठी क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश. याहून तिरका आलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, तो पुन्हा खाली वळतो. (काही बिल्डर जलाशय ईशान्येलाच दाखवा असा आग्रह धरतात. वास्तुवाल्यांचं काय ते असो, पाण्याचा अपवर्तनांक आठही दिशांना १.३३च असतो.)

खडबडीत फरशी तिच्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना उधळते. कोरडी असताना हा सगळा उधळलेला प्रकाश बाहेर जातो. वर पाण्याचा थर आला की त्यातला साधारण ५६ टक्केच निसटतो आणि ४४ टक्के परत फरशीवर आपटतो. म्हणजे फरशीला तोच प्रकाश शोषायची दुसरी संधी मिळते. मग तिसरी, मग चौथी.

मला हा हिशोब फार आवडतो, म्हणून तो मांडतोच. कोरडी फरशी १००पैकी ३० भाग प्रकाश परतवते असं धरा. ओली झाल्यावर त्या ३०पैकी सुमारे १६.८ भाग बाहेर पडले, १३.२ पुन्हा खाली. त्यातला ३० टक्के, म्हणजे जवळपास ४ भाग पुन्हा उधळले, त्यातले २.२ बाहेर, १.७ खाली. तिसऱ्या फेरीत ०.३. बेरीज १९.३. पाण्याने स्वतः काहीही न शोषता ३०चे १९ झाले! हाच हिशोब ९० टक्के प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या भिंतीला लावला तर उत्तर ८३ येतं, कारण ती दर फेरीला जवळजवळ सगळंच परत करते. ओल्या रस्त्याशेजारी ओली चुनेगच्ची भिंत फारशी बदललेली दिसत नाही ती यामुळे.

रंगाचंही तसंच. कोकणातला जांभा दगड तांबडा प्रकाश बराच परतवतो, निळा थोडाच. समजा ४० आणि १० टक्के, म्हणजे चारास एक. भिजल्यावर हे आकडे साधारण २७ आणि ६ होतात, साडेचारास एकपेक्षाही थोडं जास्त. दगड काळवंडतो आणि तांबडाही होतो. म्हणून चित्रात नुसता काळा रंग मिसळून भागत नाही. तसं केलं की जांभा राखेने माखल्यासारखा दिसतो.

सच्छिद्र पदार्थांत दुसरी भानगड असते. वाळूच्या कणांचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, मधल्या फटींत हवा. हा फरक मोठा, म्हणून प्रकाश दर कणाशी जोरात वळतो आणि लवकर मागे फिरतो. फटींत पाणी शिरलं की फरक कमी होतो, प्रकाश बहुतेक पुढेच सरकत खोल जातो आणि वाटेत शोषला जातो. ट्वूमी, बोरन आणि मर्गेनथेलर या संशोधकांनी १९८६मध्ये हा मुद्दा मांडला. वडापाव बांधलेल्या कागदावरचा तेलकट डाग हा याचाच प्रकार: तेलाचा अपवर्तनांक कागदाच्या तंतूंच्या आणखी जवळचा, म्हणून डागातून पलीकडचं दिसू लागतं. १९९९ साली येन्सन, लेगाकिस आणि डॉर्सी यांनी वरचा थर आणि आतलं भिजणं, दोन्ही एकत्र धरून ओल्या वस्तूंची संगणकीय चित्रं तयार केली.

रोजच्या कामात एवढं गणित कुणी करत नाही, करायची गरजही नाही. पदार्थ किती पाणी पितो एवढं पाहायचं. शहाबादी, काँक्रीट, विटा चांगल्याच गडद करायच्या. ग्लेझ्ड टाइल जवळपास तशीच ठेवायची, कारण काचेचा थर तिच्यावर आधीपासूनच आहे. डबकं सखल भागातच साचवायचं आणि त्याच्याखाली फरशीचा खडबडीतपणा पुसून टाकायचा, कारण वरचं पाणी सपाट असतं. डबक्याच्या कडेने मात्र एक पट्टा लागतो, गडद पण बिनचमकीचा. तिथलं पाणी आत जिरलेलं असतं. बहुतेकांच्या चित्रात नेमका हाच पट्टा नसतो, आणि डबकं जमिनीवर ठेवलेल्या काचेसारखं दिसतं.

चमक किती द्यायची हे कॅमेरा ठरवतो. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करतं, त्या सरळ रेषेपासून ६० अंशांना ६ टक्के, ८० अंशांना ३५ टक्के. उभ्या माणसाला दहा मीटर पुढचा रस्ता लंबापासून सुमारे ८० अंशांनी दिसतो, म्हणून दुकानांचे दिवे त्यात लखलखतात. सॉफ्टवेअर हा बदल आपोआप करतं, अट एवढीच की पाण्याचा आयओआर (म्हणजे अपवर्तनांकच) १.३३ ठेवून बाकी त्याच्यावर सोपवायचं. पण हवाई दृश्यात रस्ता पुरेसा चमकत नाही म्हणून वरून पाहतानाही 'मेटॅलिक' हा धातूसारखी चमक देणारा आकडा वाढवून तो चांदीचा करणारे आहेत. ड्रोनमधून सरळ खाली पाहिल्यावर भिजलेलं डांबर काळंच दिसतं, आणि ते काळंच ठेवावं.