कायदा करणे

कायदा करणे (क्रियापद, शासकीय पर्याय : अधिनियमित करणे). विधिमंडळाने विधेयक संमत करून आणि राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती घेऊन नियमाला बंधनकारक रूप देणे. ग्रामीण विदर्भात ग्रामसभेचा ठराव, शासनाचा जीआर आणि कधीकधी जातपंचायतीचा निवाडाही याच शब्दात बसवला जातो.

‘कायदा’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ बैठक, पाया. त्यावरून रीत, शिस्त. ‘कायद्यात राहा’ या बोलण्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. वऱ्हाडीतल्या ‘मले कायदा नोको शिकवू’ मध्ये मात्र कायदा म्हणजे हुज्जत. शिवराज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या कानुजाबत्यात (राज्यकारभाराच्या नियमांच्या कागदात) ‘कानू’ हा वेगळा अरबी शब्द आहे. दोन्हींचा उगम एक समजू नये. संविधानाच्या उद्देशिकेतले ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून’ हे शब्द शाळांच्या परिपाठात म्हटले जातात, पण पारावर ‘सरकारनं कायदा काढला’ असेच ऐकू येते. काटेकोर पाहिल्यास ‘काढणे’ शोभते ते अध्यादेशाला. विधेयक मांडतात, संमत करतात. अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि मग अंमलात येतो. जीआर हा कार्यकारी आदेश. तो निघतो, केला जात नाही.

वऱ्हाडापुरता आणखी एक भेद आहे. १९०२ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला; १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. सार्वभौमत्व नावापुरते का होईना निजामाचेच राहिले. त्यामुळे नागपूरकडे जो कायदा ‘केला’ जाई, तो अमरावती-अकोल्याकडे वेगळ्या आदेशाने ‘लागू केला’ जाई. हा गुंता आवरण्यासाठी १९४१ चा बेरार (म्हणजे वऱ्हाड) लॉज अ‍ॅक्ट आला. या भागाचा जुना महसुली कागद वाचताना कायदा कधी झाला आणि इथे कधी लागला, या दोन तारखा वेगळ्या धराव्यात.

गावाच्या निर्णयाला योग्य शब्द ‘ठराव’. तो घेतात किंवा करतात. ‘ठरणे’चे मूळ वादग्रस्त आहे. एक मत ‘स्थिर’कडे बोट दाखवते, पण त्याचे प्राकृत रूप ‘थिर’ दंत्यच राहते. ‘स्थान’चे ‘ठाण’ होते, म्हणून मूर्धन्य ‘ठ’ अशक्य नाही. तरी हिंदी ‘ठहरना’शी नाते जोडून मागे ‘स्तभ्’ (रोखणे, आधार देणे) धातूपर्यंत जाणारे मत अधिक पटणारे वाटते.

ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) पंचायत कायद्यानुसार मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मात्र तिच्यात नवा विषय घेता येत नाही. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेचा हिशेब निराळा : २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला. गडचिरोलीकडे एकाच मंडपात दोन्ही सभा उरकतात आणि पहिल्या सभेची हजेरी दुसरीला जोडतात. वनहक्काचा ठराव लंगडा पडतो तो इथे. दुसरी चूक प्रोसिडिंग बुकातली, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतली. हजेरीच्या सह्या दाराशी घ्यायच्या, पानावर जागा कोरी सोडायची आणि मजकूर मागाहून लिहायचा. सूचक, अनुमोदक आणि ठरावाचे शब्द सभेतच लिहून वाचून दाखवले नाहीत, तर पुढे तक्रार झाल्यावर तो ठराव टिकवणे अवघड जाते. वादाचा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात घुसवणेही तितकेच धोक्याचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

‘बाटली आडवी करणे’ हा गावपातळीवरचा आणखी एक प्रयोग. २००८ च्या आदेशानुसार महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनी मागणी केल्यास परवानाधारक दारू दुकान बंद करण्याबाबत मतदान होते; आडव्या बाटलीच्या चिन्हाला त्या मतदानाचा हक्क असलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. केवळ झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही, आणि अनेक गावांची बाटली उभी राहते ती एवढ्यासाठी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने तिथे या मतदानाचा प्रश्न येत नाही.

जातपंचायतीने वा गावाने कुटुंबाला वाळीत टाकण्याचा केलेला ‘कायदा’ हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.