फळबागेचे अनुदान तीन हप्त्यांत का येते?

महाराष्ट्रात फळबाग लावली की अनुदानाचा पहिला हप्ता मोठा येतो. पुढचे दोन त्याहून लहान, तेही बांधावर येऊन जगलेली झाडे मोजल्यावर. ही पद्धत समजायची तर मागे जावे लागते, कारण या योजनेचे मूळ फलोत्पादनापेक्षा दुष्काळी कामात आहे.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग, म्हणजे पुढची रोजगार हमी योजना (रोहयो), सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामे ठरलेली होती : खडी, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मजुरी मिळे, पण कच्चा रस्ता एका पावसाळ्यात उखडला की पुढच्या वर्षी तोच रस्ता पुन्हा. १९९० मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. सरकारी मजुरीचा पैसा खासगी शेतात जाऊ लागला, आणि हा बदल त्या काळी साधा नव्हता.

तो जमला याचे एक कारण वेळापत्रकात आहे. रोहयोवर कामाची मागणी वाढते ती उन्हाळ्यात, आणि फळझाडाचे खड्डेही उन्हाळ्यातच घ्यायचे असतात. आंब्यासाठी १० बाय १० मीटरवर १ बाय १ बाय १ मीटरचा खड्डा धरला तर हेक्टरी १०० खड्डे, म्हणजे १०० घनमीटर खोदाई. खड्डा एप्रिल-मेमध्ये उघडा ठेवून तापवायचा, तळाशी पालापाचोळा घालायचा, मग वरच्या थरातली माती, शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट हे खत आणि वाळवी मारण्याची पावडर मिसळून पावसाआधी भरायचा. पाऊस सुरू झाल्यावर खणलेल्या खड्ड्यात पाणी साचते, माती बसत नाही आणि कलम मुळाशी कुजते. अंदाजपत्रकाची मंजुरी जूनमध्ये हातात पडली की नेमके हेच होते.

१९९० पूर्वी राज्यात फळपिकांखाली सुमारे २.४२ लाख हेक्टर होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते कित्येक पटींनी वाढले. कोकणात आंबा-काजू, तर कोरडवाहू पट्ट्यात बोर, सीताफळ, डाळिंब, आवळा, चिंच. हा वेग रोपवाटिकांना झेपणारा नव्हता. फळ रोपवाटिकांसाठी १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. तरी सगळ्यांना कलमे एकाच महिन्यात हवी असतील तर ती ज्या झाडावरून घेतली तो मातृवृक्ष कोण बघतो? डाळिंबात याची किंमत जबर होती. रोगट बागेतून काढलेल्या गुटीबरोबर (फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपाबरोबर) तेल्या हा जिवाणूजन्य रोग नव्या बागेत जातो, आणि एकदा शिरला की हटत नाही. आवळ्याची गत वेगळी. झाड दणकट, जगण्याची टक्केवारी उत्तम, पण ते फळ टोपलीभर कोणी खात नाही. प्रक्रिया करणारा जवळ नसेल तर तोडणीची मजुरीही सुटत नाही. अनुदान लागवडीला होते, विक्रीला नव्हते.

२००५-०६ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि लागवडीबरोबर शेततळे, पॅक हाऊस, शीतगृह यांनाही मदत मिळू लागली. त्यात पुढे नव्या बागेचे हप्ते ६०:२०:२० असे झाले. दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत हवीत ही अट. २००६ पासून राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा लागू झाल्यावर रोहयोतली फळबागही त्याच्या नियमांत गेली : जॉबकार्ड, हजेरीपट, मजुरी थेट खात्यात आणि लाभ मुख्यतः अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती अशा ठरावीक गटांना. ज्यांची जमीन जास्त किंवा ज्यांच्याकडे जॉबकार्ड नाही, ते बाहेर राहिले. त्यांच्यासाठी राज्याने २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आणली. कोकणात १० हेक्टरपर्यंत, इतरत्र ६ हेक्टरपर्यंत, हप्ते ५०:३०:२०, बागायतीत ९० आणि कोरडवाहूत ८० टक्के झाडे जगलेली हवीत.

या टक्केवारीचा अर्थ शेतात असा : कोरडवाहू आंब्याच्या १०० कलमांपैकी ८० उभी हवीत. ७८ निघाली तर हप्ता अडकतो, म्हणून मेलेल्या झाडांच्या जागा (नांग्या) भरण्यासाठी आठ-दहा कलमे सुरुवातीलाच पिशवीत वाढवून ठेवणे शहाणपणाचे. बहुतेक मर पहिल्या उन्हाळ्यात होते, मोजणी नंतर येते. आंबा तर पाचव्या वर्षाच्या आसपास खऱ्या अर्थाने फळ धरू लागतो, म्हणजे तिसरा हप्ता संपल्यावरही दोन उन्हाळ्यांचे पाणी खिशातूनच.

मोजणीत न पकडला जाणारा एक दोष मात्र जुना आहे. कलमाचा जोड जमिनीच्या वर ठेवायचा आणि जोडाखाली खुंटावर, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्यावर, फुटणारे धुमारे दर काही आठवड्यांनी खुडायचे. ते राहिले तर वरची, हव्या त्या जातीची काडी उपाशी मरते आणि खालचा खुंट जोमाने वाढतो. पंचनाम्यात झाड जिवंत आणि टक्केवारी पूर्ण. हापूस म्हणून लावलेले झाड रायवळ (गावठी) निघाले, हे कळते पहिल्या फळाला. तोवर तिन्ही हप्ते उचलून झालेले असतात.