प्रश्न इमिग्रेशनचा की कस्टम्सचा?

मुलाकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईबाबांना तिथल्या विमानतळावरच्या चौकशीची फार धास्ती असते. खरं तर त्या दोन चौकश्या असतात. इमिग्रेशन माणसाला तपासतं, कस्टम्स सामानाला. पूर्वी ही खातीही वेगळी होती. २००३ मध्ये ती ‘कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन’मध्ये एकत्र आली. आता बरेचदा एकाच खिडकीवरचा अधिकारी दोन्ही विचारतो आणि आपली माणसं गोंधळतात.

कशाला आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार, हे इमिग्रेशनचे प्रश्न. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या खेपेला किती दिवस राहायचं, ते इथे ठरतं. पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने मिळतात. उत्तर खरं आणि थोडक्यात द्यावं. ‘नातवाला सांभाळायला आले’ हे आपल्याला साधं वाटतं, पण समोरच्याला ते नोकरीसारखं ऐकू येऊ शकतं आणि मग प्रश्न वाढतात.

‘खायचं काही आणलंय?’ हा कस्टम्सचा. इथे मात्र थोडक्यात आटपू नका. लाडू जप्त होतील या भीतीने ‘नाही’ म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘हो’ म्हणा आणि एकेक जिन्नस सांगा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलेली सापडली की दंड. ताजा कढीपत्ता, फळं, मांस चालत नाही. घरच्या आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडीही नको, कच्चे हरभरेही नकोत, कारण धान्य पोखरणारा खपरा भुंगा. आंब्याचं तर बघा: लासलगावला विकिरण करून, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा करून, हापूस २००७ पासून रीतसर अमेरिकेला जातो, पण तोच आंबा बॅगेतून नेता येत नाही. मला हे अन्यायाचं वाटत नाही. एका अळीने तिथल्या बागा जाऊ शकतात.

रोख रकमेचाही असाच गैरसमज आहे. १०,००० डॉलरपेक्षा जास्त नेण्यावर बंदी नाही, सांगणं मात्र बंधनकारक आहे, आणि हिशोब एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाचा मिळून धरतात.

आईच्या पर्समध्ये दोन कागद ठेवा. एकावर मुलाचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट. दुसऱ्यावर बॅगेतल्या खाऊची इंग्रजीत यादी.