पार्श्वभूमी: सोलापूर-मुंबई हवाई अंतर आणि होटगी रोडची चिमणी

सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 360 किलोमीटर, म्हणजे 195 नॉटिकल मैलांच्या आसपास. रेल्वेने हेच अंतर 455 किलोमीटर होतं, कारण लोहमार्ग दौंड, पुण्याला वळसा घालून बोरघाट उतरतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली वंदे भारतही साडेसहा तासांच्या आसपास घेते. ताशी 500 किलोमीटरने जाणाऱ्या एटीआरला, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाला, हिशेबाने पाऊण तास पुरावा. पण तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईवर नंबर लागेपर्यंत घिरट्या घालणं हे सगळं धरलेलं असतं. म्हणून वेगवान जेटनेही तासाभराच्या खाली फारसं येता येत नाही.

अंतर कधीच अडचणीचं नव्हतं. एटीआरची मुंबई सेवा पूर्वी काही काळ चालून बंद पडली. 2017 मध्ये छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच फेरीत हा मार्ग मंजूर झाला, तरी विमान आलं नाही. तोवर सगळा वाद सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाच्या धावपट्टीजवळच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती (साखरेसोबत वीज तयार करण्याच्या) प्रकल्पाच्या चिमणीवर येऊन ठेपला होता.

चिमणी सुमारे 90 मीटर उंच. उपकरणांच्या आधारे उतरणाऱ्या विमानासाठी धावपट्टीच्या टोकापासून पुढे जो मोकळा पट्टा राखतात, त्यातल्या बांधकामांच्या उंचीची मर्यादा दूर जावं तशी वाढते. पहिल्या 3 किलोमीटरपर्यंत हा चढ दोन टक्क्यांचा असतो: 50 मीटरला 1 मीटर; पुढे तो अडीच टक्के होतो. जमीन सपाट धरली, तर 90 मीटरचं बांधकाम या पट्ट्यात चार किलोमीटरहून जास्त दूर हवं. पट्ट्याच्या बाहेरही विमानतळाभोवती 4 किलोमीटरपर्यंत 45 मीटरची मर्यादा धरतात. चिमणी तिच्या दुप्पट होती. तांत्रिक बाजू इतकी स्पष्ट आहे.

दुसरी बाजू मात्र शहरात कमी ऐकली गेली. चिमणी गेली की तिला जोडलेला बॉयलर थांबतो. बॉयलर थांबला की वाफ नाही, आणि वाफेशिवाय ना गाळप पूर्ण क्षमतेने होतं ना वीज तयार होते. हंगामात तोडलेला ऊस दिवसागणिक वजन आणि साखर गमावतो, त्यामुळे तोटा थेट सभासदाच्या पदरात पडतो. विमानसेवेसाठी उपोषणं झाली, चिमणीसाठी मोर्चे निघाले. चिमणी राहू द्या, विमानतळ सोलापूरजवळच्या बोरामणीला न्या, असंही म्हटलं गेलं; पण तिथे जमीन घेऊनही वनजमीन आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न सुटलेला नव्हता.

15 जून 2023 रोजी कडक बंदोबस्तात चिमणी पाडली. त्यानंतरही जवळपास दोन वर्षं नियमित विमान उतरलं नाही, आणि पाडकामाची घाई आठवणाऱ्यांनी याचा जाब विचारणं रास्तच आहे. नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं, गोव्याची सेवा जून 2025 मध्ये आणि मुंबईची ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली.

सुरुवातीला रात्री उतरण्याची सोय नव्हती. अशा वेळी मुंबईत निघायला झालेला उशीर सूर्यास्ताला भिडला की फेरी रद्दच करावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तापलेली हवा विरळ होते आणि उड्डाणाला जास्त धावपट्टी लागते. ती जिथे कमी पडते तिथे वजन कमी करावं लागतं, म्हणजे काही जागा रिकाम्या सोडाव्या लागतात.